शर्टाची उजवी बाही

युरोपातल्या अनियंत्रित राजेशाहीचा उदय आणि ऱ्हास हा विषय मी अमेरिकेत इतकी वर्षं शिकवला आहे की आता मला त्याचा मनापासून कंटाळा आला आहे. दर वर्षी तेच राजे, तीच सिंहासनं आणि समोर तीच अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, टोप्या उलट्या घातलेली, हे परीक्षेत येणार का एवढंच विचारणारी. सरंजामदारांच्या आपसातल्या मारामाऱ्या, तोफांपुढे न टिकणारे त्यांचे किल्ले, राजाचं पगारी सैन्य, सैन्यासाठी कर, कर गोळा करायला कारकून आणि या सगळ्याला देवाचा आशीर्वाद. दोन आठवड्यांत राजा वर चढतो, तिसऱ्या आठवड्यात खाली येतो. इंग्लंडच्या राजाचं डोकं उडवतात, फ्रान्सच्याही उडवतात, रशियाचा झार तेवढा आणखी शंभरावर वर्षं तग धरतो, आणि मी फळा पुसून घरी जातो.

एक गोष्ट मात्र मी वर्गात सांगत नाही. पाठ्यपुस्तकात ती असते, मुलांना आवडेल अशीही आहे, तरी मी ते पान उलटून पुढे जातो. फ्रान्सचा सूर्यराजा सकाळी उठला की त्याला शर्ट घालण्याचा सोहळा व्हायचा. शर्ट पुढे करायचा मान तिथे हजर असलेल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा. उजवी बाही धरायचा हक्क एका सेवकाचा, डावी धरायचा दुसऱ्याचा. एरवी एकमेकांचे गळे धरणारे सरदार आपापली गढी सोडून व्हर्सायच्या राजवाड्यातल्या कोंदट खोल्यांत येऊन राहिले, ते या असल्या मानांसाठी. माझा प्रबंध खरं तर बाही धरणाऱ्या या माणसांवर होणार होता. तो झाला नाही. का झाला नाही ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि न सांगण्याचाही आता कंटाळा आला आहे.

ऐंशीच्या दशकात मी अमरावतीहून टेक्ससला आलो, इतिहासात एमए करून. त्या काळी अमेरिकेच्या विमानात बसणारी आपली मुलं इंजिनिअर असत, फार तर डॉक्टर. तिथल्या प्लेनो गावात ज्यांच्या घरी वरच्या खोलीत मी राहायचो ते काका माझ्या मामाचे मित्र, मूळचे नागपूरचे, एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. माझा विषय ऐकून त्यांना जो धक्का बसला तो शेवटपर्यंत ओसरला नाही.

"हिस्टरी? तीही युरोपची? अरे, युरोपची हिस्टरी शिकायला अमेरिकेत कोण येतं यार? एक कॉम्प्युटरचा कोर्स घे, लाइफ सेट होऊन जाईल."

"काका, अ‍ॅडमिशन त्यातच मिळाली."

"मग डिपार्टमेंट ट्रान्सफर कर ना."

काकू मध्ये पडायच्या. "राहू द्या हो. आपल्यात एक तरी जण वेगळं शिकतोय." मग माझ्याकडे वळून, "पण खरं सांग, यात जॉब कुठे मिळतो रे?"

हेच संभाषण दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी व्हायचं. हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये छोले आणि गार पडलेली पुरी, आणि समोर एखादे नवे काका, पहिल्यापासून सुरुवात करणारे. पहिल्या वर्षी मी हिरिरीने उत्तरं दिली. नंतर नुसतं हसायला शिकलो.

विद्यापीठात माझी फी माफ होती आणि महिन्याला विद्यावेतन मिळायचं. त्या बदल्यात एका वृद्ध प्राध्यापकांचा साहाय्यक म्हणून काम करायचं. हे प्राध्यापक म्हणजे इतिहास विभागातली निरंकुश सत्ता. उंच, ताठ, टेक्ससच्या उन्हाळ्यातही अंगात लोकरी कोट. विभागात त्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली होती. कोणी काय शिकवायचं, कोणत्या विद्यार्थ्याला घ्यायचं, ग्रंथालयाने कोणतं पुस्तक मागवायचं, हे तेच ठरवत आले होते. चर्चेच्या खोलीत खिडकीकडे पाठ असलेली एक खुर्ची होती. ती त्यांची आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ते गावाला गेलेले असतानाही त्या खुर्चीत कोणी बसत नसे.

पहिल्या दिवशी ते खोलीत आले आणि मी सवयीने उभा राहिलो. टेबलाभोवती आठ-दहा जण होते. कोणी कॉफी पीत होतं, एकाने पाय शेजारच्या खुर्चीवर टाकले होते, आणि मी एकटा झेंडावंदनाला उभा राहावा तसा. प्राध्यापक थबकले. त्यांनी मान किंचित झुकवली आणि तळहात खाली करून खूण केली, बस. त्यानंतर दर वेळी मी उभा राहायचो, ते खूण करायचे, मी बसायचो. बाकीचे विद्यार्थी त्यांना सरळ पहिल्या नावाने हाक मारत आणि माझी टिंगल करत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. सरांना ते आवडत होतं, एवढं मला दिसत होतं.

दुसऱ्या वर्षी एकदा काकूंच्या जिन्यावरून माझा पाय घसरला आणि घोटा सुजला. त्या दिवशी मी उठलो नाही. सर आत आले, टेबलापाशी थांबले, मान झुकवली आणि तळहात खाली करून खूण केली, बस. मी बसलेलाच होतो.

क्षणभर वाटलं, थट्टा करतायत. पण सर थट्टा करत नसत. मग मी नीट पाहू लागलो. व्याख्यान देताना ते हातात पिवळी टिपणकार्डं धरत. त्या दिवशी वरचं कार्ड उलटं होतं, आणि तरी झारने सरदारांच्या दाढ्या कशा कापायला लावल्या ते सर एक शब्द न अडखळता सांगत होते. सगळं पाठ होतं. कार्डं नुसती हातात असायची. मागच्या रांगेत एका मुलीने हात वर केला आणि कंटाळून खाली घेतला. सरांना तिचा हात दिसलाच नाही.

मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधी जाऊन त्यांच्या वाटेतली खुर्ची बाजूला केली आणि पहिल्या रांगेत बसलो. मागे कोणी हात वर केला की हळूच म्हणायचो, "सर, डावीकडे मागे एक प्रश्न आहे." ते त्या दिशेला वळून म्हणायचे, "हं, विचार." जणू त्यांनी आधीच पाहिलं होतं.

हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. अमरावतीला माझे एमएचे सर होते. त्यांचं दळण मी आणलंय, त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्यात, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस रोज सकाळी जाऊन पेपर वाचून दाखवलाय. आमच्याकडे याला कोणी काही नाव देत नसे. सरांचं काम असतं, ते करायचं असतं. करणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट ज्याला सांगितलं नाही तो तोंड पाडून बसतो.

इथेही तसंच होत गेलं. आधी सर म्हणाले, आज डोकं दुखतंय, उत्तरपत्रिका जरा वाचून दाखव. निळ्या कव्हराच्या शंभरावर उत्तरपत्रिका होत्या, प्रश्न एकच, अनियंत्रित राजेशाहीचा उदय आणि ऱ्हास. मी वाचायचो, ते ऐकून गुण सांगायचे. पुढच्या सत्रात निम्म्या वाचून झाल्यावर विचारू लागले, "तुला काय वाटतं?" त्याच्या पुढच्या सत्रात मीच सगळ्या तपासल्या आणि सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट टेकवलं. गाडी वळवताना त्यांनी स्वतःच्याच दारातली टपालपेटी पाडली, तेव्हापासून त्यांना सकाळी आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं माझ्याकडे आलं. त्यांची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. किराणा, लाँड्रीतले कपडे, बँकेची पत्रं, सगळं मी बघायचो. टायवर डाग असला तर सांगायचो, "सर, तो निळा जास्त चांगला दिसेल." निघताना कोट धरायचो आणि ते मागे न बघता हात घालायचे, आधी उजवा, मग डावा.

त्यांनी मला दिसत नाही असं कधी म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. विद्यार्थी सत्राच्या शेवटी प्राध्यापकांविषयी निनावी अभिप्राय लिहून देत, तेही मीच वाचून दाखवायचो. त्यात एखाद्याने म्हातारा, सरकवा याला, असलं काही लिहिलेलं असायचं. ते मी वगळायचो. सरांना उगाच त्रास कशाला.

आणि खरं सांगायचं तर मला हे सगळं फार आवडत होतं. ज्या देशात मी कोणाच्याच खिजगणतीत नव्हतो तिथे एका दरबारात माझं स्थान होतं. सरांची मर्जी आज कशी आहे ते बाकीचे विद्यार्थी मला विचारू लागले. माझ्या प्रबंधाचा विषय सरांनीच सुचवला होता. "सरदारांना धाकात ठेवून राजा निरंकुश होत नाही," ते गाडीत मला म्हणाले होते. "त्याला शर्टसुद्धा एकट्याने घालता येत नाही, आणि ते कोणी बोलत नाही. जोवर बोलत नाहीत, तोवर राज्य चालतं." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझ्याविषयी त्यात काही असेल असं मला अजिबात वाटलं नाही. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं.

तेव्हा तिथे सत्तरी गाठली की प्राध्यापकाला निवृत्त करता यायचं. त्यापुढे ठेवायचं की नाही ते विभागाची समिती एकेका वर्षापुरतं ठरवायची. सर त्या वसंतात सत्तरचे होत होते. माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं लिहायची राहिली होती, आणि त्या विषयात मार्गदर्शन करणारं विभागात दुसरं कोणी नव्हतं. पण माझं जाऊ द्या. सरांना त्या घरात करायला काहीच नव्हतं. भिंतभर पुस्तकं होती, ती त्यांना वाचता येत नव्हती. आठवड्यातून तीन वेळा वर्गात उभं राहून राजांविषयी बोलणं, एवढंच त्यांचं उरलं होतं.

"एक वर्ष," ते मला म्हणाले. "तुझंही होईल, माझंही होईल." आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि तेही असं, समोरच्या काचेकडे बघत.

समितीवर तिघं होते. विभागप्रमुख बाई चाळिशीच्या, नुकत्याच आलेल्या, स्कर्टवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. शिपायापासून सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायच्या आणि आपल्यालाही तसंच मारा म्हणायच्या, जे मला कधी जमलं नाही. राजांना किती दिवस शिकवायचं, त्या राजाचा पाव भाजणाऱ्यांचं काय, असं त्यांचं म्हणणं असायचं. सर त्यांना पाण्यात पाहत. म्हणून मीही पाहत होतो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला फार उशिरा कळलं.

सरांविषयी विद्यार्थ्यांचं मत घ्यायचं म्हणून समितीने मलाही बोलावलं. त्या सकाळी काकूंनी माझ्या शर्टाला इस्त्री करून दिली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "विचारतील तेवढंच बोल. आपली माणसं एकदा कौतुक करायला लागली की थांबत नाहीत."

"काकू, सरांचं कौतुक करायलाच चाललोय."

"तेच म्हणतेय. शॉर्टमध्ये सांग आणि ये."

खोलीत डोनट होते, कॉफी होती. बाईंनी हसून बसायला सांगितलं आणि विचारलं, तुमचे मार्गदर्शक तुम्हाला कसे वाटतात. मी रात्रभर हे घोकलं होतं. सरांची बुद्धी किती तल्लख आहे ते या लोकांना दाखवून द्यायचं, म्हणजे वर्ष मिळालंच.

"मी प्रकरण एकदा वाचून दाखवतो," मी म्हणालो, "आणि तीन दिवसांनी ते सांगतात, अमुक पानावरचा तिसरा परिच्छेद सैल आहे."

"वाचून दाखवता?" समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"हो, सगळं. कार्डं हातात असतात, पण त्यांना ती लागतच नाहीत." तिघंही गप्प झाले. मला वाटलं, थक्क झाले. मला आणखी चेव चढला.

"आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका?" बाईंनी विचारलं.

"त्याही मीच वाचतो. म्हणजे आधी वाचून दाखवायचो. आता त्यांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की मी गुण देतो आणि ते फक्त सही करतात."

"किती उत्तरपत्रिका?"

"सगळ्या," मी म्हणालो. मी छाती फुगवून म्हणालो. ती छाती मला अजून आठवते आणि अंगावर काटा येतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, आणखी काय काय करता. मी सांगितलं. आणणं, सोडणं, किराणा, लाँड्री, बँक, टाय. टायचंसुद्धा सांगितलं. माझ्या मनात, मी आदर कसा असतो ते या अडाणी लोकांना शिकवत होतो.

"हे सगळं करायला त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"छे!" मला रागच आला. "सांगावं कशाला लागतं?"

कोणी डोनटला हात लावला नाही. बाई माझ्यामागून बाहेर आल्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुम्हाला किती सहन करावं लागलं असेल," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका. आम्ही तुम्हाला यातून सोडवू."

मी म्हणालो, नाही, तुमचा गैरसमज होतोय, मी खुशीने करतो. त्यांनी आणखीच कणवेने माझ्याकडे पाहिलं. मी जितकं समजावत गेलो तितकं त्यांना माझं वाईट वाटत गेलं. माझ्या नकळत त्या खोलीत मी सरांना आंधळा ठरवलं होतं आणि स्वतःला वेठबिगार. आणि गंमत अशी की यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्या दिवशी सरांना घरी सोडताना त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं, सर," मी म्हणालो. हायवेवर गाड्या खोळंबल्या होत्या, ऊन थेट डोळ्यांत येत होतं. मी हात लांबवून सरांच्या समोरची उन्हाची झडप खाली केली.

माझं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. मला डिग्री मिळाली. त्याच बाईंच्या हाताखाली, पावाच्या टंचाईत झालेल्या दंग्यांवर प्रबंध लिहून. बाईंनी मला घरचं एकही काम सांगितलं नाही, एकदाही माझ्या गाडीत बसल्या नाहीत, माझी प्रत्येक ओळ स्वतः वाचली. फार चांगल्या शिक्षक होत्या. त्यांच्यासाठी उभं राहायचं नाही हे माझ्या पायांना शिकवायला मला वर्ष लागलं. आज मी जी नोकरी करून कंटाळलो आहे ती त्यांच्याच शिफारशीने मिळाली. काकांना अखेरपर्यंत वाटत राहिलं की कॉम्प्युटरचा कोर्स घ्यायला हवा होता.

समितीचं पत्र मे महिन्यात आलं. सरांच्या टपालाच्या खणात पांढरा लिफाफा, वर विद्यापीठाचा शिक्का. सरांचं टपाल उघडून वाचायचं काम माझंच होतं. त्यामुळे ते पत्रही मीच उघडलं, त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर उभं राहून.

पत्र छोटं होतं. दीर्घ सेवेबद्दल आभार, मुदतवाढ देता येत नाही, खोली जूनअखेर रिकामी करावी. मध्ये एक वाक्य होतं. ज्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाची जबाबदारी आपल्यावर होती, त्याच्याकडून अध्यापनाचं आणि घरगुती काम करून घेतलं गेल्याचं समितीला त्या विद्यार्थ्याच्याच निवेदनावरून दिसून आलं आहे.

मी आभार वाचले, मुदतवाढ नाही ते वाचलं, आणि ते वाक्य ओलांडून थेट खोलीपाशी आलो.

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. "पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा गाळताना आवाज थोडा अडखळला होता. दुसऱ्यांदा तोही अडखळला नाही.

"छान वाचतोस," सर म्हणाले. "काल विभागप्रमुखांनी मला फोन करून हेच पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यात एक वाक्य जास्त होतं."

मी काहीतरी बोलू लागलो, सर, मला तुमचं कौतुक करायचं होतं, आमच्याकडे हे असंच असतं, मला कल्पना नव्हती. मी रडत होतो बहुतेक. त्यांनी तळहात खाली करून खूण केली. बस. मी बसलो.

"तू त्यांना जे सांगितलंस ते खरं आहे," ते म्हणाले. "त्याबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरपत्रिका मी तपासायला हव्या होत्या. नाही जमल्या, तर थांबायला हवं होतं." त्यांनी टेबलावरची पिवळी कार्डं चाचपून एकावर एक नीट रचली. "पण गेली दोन वर्षं माझ्यापर्यंत जे काही आलं ते सगळं तुझ्या तोंडून आलं. त्यातलं काय काय गाळलंस?"

मला ते निनावी अभिप्राय आठवले. म्हातारा, सरकवा याला.

"काही नाही, सर," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं.

ते उठले. मी नेहमीप्रमाणे खुंटीवरचा कोट काढला आणि त्यांच्या मागे जाऊन धरला. त्यांनी वळून तो माझ्या हातातून काढून घेतला. "आज राहू दे," ते म्हणाले. "ऑफिसातल्या सेक्रेटरीने टॅक्सी बोलावली आहे."

त्यांना डावी बाही सापडली. उजव्या हाताने ते पाठीमागे चाचपत राहिले. कोटाचं अस्तर फिरलं होतं आणि बाही आतल्या बाजूला गेली होती. हात दोनदा तिच्या अगदी जवळून गेला. मी हातभर अंतरावर उभा होतो. सर, मी धरू का, असं मी विचारलं. ते चाचपतच राहिले. शेवटी त्यांनी हात खाली सोडला आणि तसेच, कोट एका खांद्यावर लोंबकळत ठेवून, भिंतीला बोटं लावत दाराकडे निघाले. मी वाटेतली खुर्ची बाजूला केली. त्याचा आवाज झाला, आणि तो आवाज थांबेपर्यंत सर जागच्या जागी थांबून राहिले.